पदवी तिची, नाइट माझी

बीड जिल्ह्यातल्या किती परिचारिकांनी नोकरी करता करता नर्सिंगची पदवी घेतली, याची नोंद विद्यापीठाकडं असेल. त्यातल्या काही पदव्यांसाठी नाइट ड्यूट्या कुणी केल्या, याची नोंद माझ्याकडं आहे. ती एका आखीव वहीत असते. वहीच्या कव्हरवर मी 'ओआरएस साठा' असं लिहून ठेवलंय, त्यामुळं ती कुणी उघडत नाही.

मी बालाघाटाच्या डोंगरावरच्या एका तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आहे. सरकारी कागदावर अधिपरिचारिका, पेशंटच्या तोंडी 'शिष्टर' आणि पोर रडायला लागलं की 'ती बघ, सुईवाली आली'. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या महिन्याच्या ड्यूटी-तक्त्यात माझं काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली. पुढं शिकले नाही. पण माझ्या आजूबाजूच्या ज्या ज्या शिकल्या, त्यांच्या शिक्षणात माझा वाटा एवढा आहे की पदवीदान समारंभात मागच्या रांगेत का होईना, एक खुर्ची माझी हवी होती.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपलं इग्नू, १९८५ साली सुरू झालं. १९९४ पासून तिथं नोकरीतल्या परिचारिकांसाठी पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग आहे. जीएनएम झालेलं हवं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी, दोन वर्षांचा अनुभव हवा आणि पुढं कमीत कमी तीन वर्षांचा धीर हवा. नोकरी सोडावी लागत नाही, हे या शिक्षणाचं मोठेपण. पगार चालू राहतो, घराचा हप्ता चालू राहतो, पोरांची शाळा चालू राहते. फक्त नोकरी सुटत नाही म्हणजे ती कुणीतरी करावी लागते. हे वाक्य माहितीपुस्तिकेत नसतं, कारण ते माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं.

इतिहासाची पदवी घरी बसून घेता येते. पानिपत पुन्हा करून दाखवा, असं परीक्षक म्हणत नाहीत. नर्सिंगचं तसं नाही. सलाइन पुस्तकातल्या शिरेला लागत नाही. म्हणून प्रात्यक्षिकं असतात. काही केंद्रावर, मार्गदर्शकाच्या नजरेखाली. काही आपल्याच कामाच्या ठिकाणी. आणि हजेरी सक्तीची.

कामाच्या ठिकाणची प्रात्यक्षिकं ऐकायला सोपी वाटतात. जे काम ती बाई आठ-दहा वर्षं करतेच आहे, तेच आता लिहून करायचं. पण लिहायला बसलं की कामाचं रूप बदलतं. आधी ती आजोबांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची आणि पुढच्या खाटेकडं जायची. आता ती खुर्ची ओढून बसते आणि विचारते, भूक कशी लागते, झोप किती लागते, मनात कसली भीती वाटते का, घरचे विचारपूस करतात का. आमच्या वॉर्डातल्या एका आजोबांची अशी पाऊण तास मुलाखत झाली. ती गेल्यावर त्यांनी मला हळूच बोलावलं. "शिष्टर, खरं सांगा. माझं काय खरं नाही का? एवढं तर कुणी विचारलं नव्हतं." संध्याकाळपर्यंत पुण्याहून दोन मुलं आणि एक सून येऊन दाखल झाली. आजोबांना साधा मलेरिया होता. केअर प्लॅनमध्ये 'कौटुंबिक आधार' या रकान्यात मात्र तिला भरपूर लिहिता आलं.

खरी कसरत सुरू होते ती केंद्रावरच्या प्रात्यक्षिकांचं पत्र आल्यावर. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत हजर राहावं. या पत्रामागं एक वेळापत्रक असतं. आमच्या इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर काचेखाली दुसरं असतं. बसस्टँडच्या भिंतीवर तिसरं रंगवलेलं असतं. आणि चौथं साखर कारखान्यांचं, जे कुठंच लिहिलेलं नसतं, पण त्याप्रमाणं अर्धा जिल्हा हलतो. या चौघांची आपसात ओळखदेख नाही. त्यांना एकमेकांशी बोलतं करायचं काम त्या पोरीवर येतं, आणि तिच्याकडून माझ्याकडं.

इन्चार्ज सिस्टर मनानं चांगल्या आहेत. त्या कधी नाही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, "रजा देते गं, पण माणूस कुठून देऊ?" हा प्रश्न त्या खिडकीकडं बघत विचारतात, आणि त्या खिडकीत बहुतेक वेळा मी उभी असते.

पत्र आलंय हे मला सांगावं लागत नाही. एरवी ड्यूटी संपवून ओव्हर देताना जी पोर बॅग खांद्याला लावूनच बोलते, ती त्या दिवशी चहा घेऊन येते. चहात आलं असलं तर चार दिवसांची प्रात्यक्षिकं. सोबत खारी असली तर पंधरा दिवसांची. मग माझ्या पोरांची चौकशी, माझ्या गुडघ्याची चौकशी, आणि मग, "ताई, तुम्ही म्हणून विचारते हं..."

आता वही. बदली ड्यूटीचे दर मी ठरवलेले नाहीत, ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेत. साध्या नाइटला साधी नाइट. दिवाळीतल्या पाडव्याच्या नाइटला दोन साध्या आणि अनारसे. महाशिवरात्रीच्या नाइटलाही दोन, कारण परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलेली माणसं परतताना उपासाची चक्कर आणि दुचाकीची धडक, दोन्ही घेऊन येतात. पोळ्याची नाइट महाग. त्या दिवशी बैल सजलेले असतात आणि काही मालक शुद्धीत नसतात. कोण कुणाला ओढत आणतं ते दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पेरणीच्या दिवसांत सर्पदंश आणि विंचू, म्हणून जून-जुलैच्या नाइटचा भाव चढा. आणि मोठ्या लग्नतिथीची नाइट बदलूनच मिळत नाही. एका पंगतीतली बासुंदी बिघडली की आमच्या तीस खाटा वऱ्हाडाला पुरत नाहीत, मग वधूपक्ष खाटांवर आणि वरपक्ष व्हरांड्यात.

आमच्याकडं एक ब्रदरही आहेत. सज्जन माणूस, कामाला वाघ, आणि तेही शिकत होते. पण बाळंतपणाच्या बाजूची नाइट त्यांना देता येत नाही. बायका म्हणतात, "भाऊ, तुम्ही जरा भाईर थांबा." त्यामुळं या बाजारात त्यांचं नाणं अर्धंच चालतं. ते बिचारे फरक भरून काढायला ऑक्सिजनचे सिलिंडर उचलून द्यायचे. मी वहीत 'सिलिंडर, जमा' अशी स्वतंत्र खतावणी उघडली.

बाळंतपणावरून आठवलं. प्रात्यक्षिकाच्या वहीत बाळंतपणं भरावी लागतात. स्वतः हाताळलेली, नोंदीसकट, सहीसकट. आता निसर्गाचा नियम असा, की ती वही घेऊन बसली की आख्ख्या पंचक्रोशीतल्या गरोदर बायकांच्या तारखा पुढं जातात. आणि ती केंद्रावर गेली, तिची नाइट मी घेतली, की पहाटेपर्यंत तिघी मोकळ्या होतात. त्या काळात रात्री तीनला माझा फोन वाजायचा. मोठ्या शहरातल्या खोलीवरून दबक्या आवाजात विचारणा, "ताई, आली का एखादी?" मी म्हणायचे, "दुसरी चाललीय. मुलगा झाला पहिलीला." पलीकडून अभिनंदन नाही, पेढ्याची आठवण नाही, फक्त एक लांब उसासा. माझ्या हातून झालेलं बाळंतपण तिच्या वहीत जात नाही, आणि माझ्याकडं तर भरायला वहीच नाही. मी ते ओआरएसच्या साठ्यात मांडलं.

आता प्रवास. बीड जिल्हा अकरा तालुक्यांचा, क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. आष्टीचा माणूस मोठ्या कामाला अहिल्यानगर गाठतो, परळीचा स्टेशनवर जाऊन रेल्वे पकडतो, आणि मधले आम्ही केज, धारूर, वडवणीचे, रस्त्याकडं बघत उभे राहतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या नावातच 'ग्रामीण' हा शब्द आहे, आणि आशियातलं असं हे पहिलंच, असं अंबाजोगाईकर छाती फुगवून सांगतात. पण आमच्यातली जी सगळ्यात शेवटी शिकली, त्या पोरीला मिळालेलं केंद्र जिल्ह्याबाहेर, मोठ्या शहरात. म्हणजे आधी मांजरसुंबा, मग पाटोदा, मग जामखेड, मग नगर. सरकारनं नाव अहिल्यानगर केलं, कागदावर सगळ्यांनी केलं, पण स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर, नगर' असंच ओरडतो. 'अहिल्यानगर' तीनदा म्हणेपर्यंत गाडी फलाटावरून निघालेली असते.

१७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. योजना उत्तम. तेव्हापासून लेकीबाळी माहेरी जायला लागल्या, आज्या देवाला जायला लागल्या, आणि अर्ध्या तिकिटात पूर्ण वेळ उभं राहायची सोय झाली. आमची पोर एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून 'हृदयाची रचना' वाचायची. घाटात उजवा कप्पा डावीकडं जायचा.

बसमध्ये तिनं एकच चूक केली. शेजारच्या बाईला खोकला आला तेव्हा तिनं सवयीनं विचारलं, "किती दिवसांपासून आहे?" झालं. आख्ख्या गाडीला कळलं की शिष्टर आहे. पाटोदा येईपर्यंत चार जणींचं बीपी, एकीचं गुडघेदुखीचं औषध, एका मावशीच्या सुनेला दिवस का राहत नाहीत आणि कंडक्टरची साखर, एवढी ओपीडी झाली. त्यात तीन केसेस अशा होत्या, की प्रेझेंटेशनला पहिला नंबर यावा. पण वहीत 'ठिकाण' असा रकाना असतो, आणि तिथं 'मांजरसुंबा ते पाटोदा' लिहिलेलं चालत नाही.

रेल्वेचंही सांगते. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला. आष्टीपर्यंत गाडी आली २०२२ मध्ये, आणि बीडहून अहिल्यानगरला पहिली गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. बीडला आनंदाचं भरतं आलं. लोक गाडीला हार घालत होते, इंजिनासमोर फोटो काढत होते. आमची पोर व्हिडिओ बघत म्हणाली, "ताई, माझी प्रात्यक्षिकं संपल्यावर आली बघा." मी म्हटलं, मंजुरीपासून मोजलं तर तुझ्या आधी निघाली होती ती.

सगळ्यात मोठी परीक्षा मात्र गावातलीच. सामुदायिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकात कम्युनिटी बॅग घेऊन घरोघर जायचं असतं. त्या बॅगेचं एक शास्त्र आहे. आधी वर्तमानपत्र पसरायचं. त्यावर बॅग ठेवायची. साबण-टॉवेल काढायचा, हात धुवायचे, अॅप्रन घालायचा, मगच पेशंटला हात लावायचा. शास्त्र बरोबर आहे, जंतूंना शिस्त लागते. पण दारात पेपर पसरला की आमच्याकडं बायका आतून पातेलं घेऊन येतात, साड्या नाहीतर भांडी विकायला आलीय असं समजून. आणि हात धुवायला पाणी मागायचं म्हणजे मे महिन्यात! २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्याकडं रेल्वेच नव्हती, म्हणून टँकर. त्या भागात दर घरी दोनदा हात धुवायचे. तिसऱ्या घरातली आजी अर्धा तांब्या पुढं करत म्हणाली, "बाई, हात घरूनच धुऊन येत जा. हितं दमानं तपास."

आणि पुढच्या फेरीच्या तारखा आल्या नोव्हेंबरच्या. दिल्लीत बसून अभ्यासक्रम आखणाऱ्याला नोव्हेंबर हा महिना वाटतो. आमच्याकडं तो गाळप हंगाम असतो. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात, आणि जोडपीच्या जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजदाद. ते जातात सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं. गावात राहतात म्हाताऱ्या, पोरं, शेळ्या आणि आमची वही घेतलेली पोर.

कुटुंबाच्या फोल्डरमध्ये पहिला प्रश्न, सदस्य किती?

"सात," आजी म्हणाली.

"कुठं आहेत?"

"मी हाय. ही दोन नातवंडं हायेत. बाकीचे फडात."

"मग परत कधी भेटतील? मला आठवड्यानं पुन्हा यायचंय."

"ये की. गुढीपाडव्याला ये."

लसीकरणाची पोरं कारखान्यावर, पाचव्या महिन्यातली सून कारखान्यावर, रक्तदाबाचा पेशंट म्हणजे आजीचा मुलगा, तोही कारखान्यावर. तिनं मग फोनवर पुनर्भेट घ्यायचं ठरवलं. रेंजसाठी ती टाकीवर चढली, सून तिकडं उसाच्या मोळ्यांवर. तिनं विचारलं, तपासणीला गेलीस का गं? सून म्हणाली, एक दिवस गेलं की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. मग तिनं कळवळून सांगितलं की बाई, माझीही हजेरी भरायचीय, एवढी माहिती दे. पलीकडून लगेच प्रश्न, "तुमचाबी खाडा मांडतेत का? मग तुमचे किती कापतेत?"

हे ती मला सांगत होती तेव्हा आम्ही दोघी हसलो, आणि मग दोघींनाही हसू आवरतं घ्यावं लागलं. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, ती आमच्याच जिल्ह्यावरून. खाड्याच्या भीतीनं बाई काय काय टाळते आणि काय काय करून घेते, ते फोल्डरच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. तिनं ते समासात लिहिलं, उभं, बारीक अक्षरात. मार्गदर्शक मॅडमनी त्या समासावरच सही केली.

शेवटच्या वर्षी मानसिक आरोग्याचं पोस्टिंग आलं. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. तिच्या वाट्याला येरवडा आलं. तिच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता शेजारीपाजारी काय सांगायचं? येरवड्याला दोनच कारणांनी जातेत." तिनं समजावलं, की मी तिसऱ्या कारणानं चाललेय. पुण्यात उतरल्यावर रिक्षावाल्यानंही विचारलंच, "जेल का हॉस्पिटल?" ती ताठ मानेनं म्हणाली, "ड्यूटी." त्यानं आदरानं मीटर टाकलं. पुण्यात ही घटना मोठी.

तिथून ती एक गोष्ट घेऊन आली. वॉर्डात एक बाई होती, घरून न्यायला कुणी येत नव्हतं. तिला सगळ्या सिस्टरांच्या ड्यूट्या पाठ. आज कोण, उद्या कोण, कुणाचा ऑफ, कोण कुणाच्या बदली आलीय, सगळं. पोर थक्क झाली. मी म्हटलं, अशी एक आपल्याकडं असती तर वहीची गरज नव्हती, आणि इन्चार्ज सिस्टरांनाही चार रात्री झोप लागली असती.

अभ्यासक्रमात शुश्रूषा व्यवस्थापन असाही विषय आहे, आणि त्यात एक असाइनमेंट असते, वॉर्डाचा आदर्श ड्यूटी-तक्ता तयार करा. ही तिनं माझ्या शेजारी बसून, नाइटला, लिहिली. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागं एक परिचारिका, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागं एक, आणि रजेसाठी तीस टक्के जादा. तिनं पट्टीनं चौकटी आखल्या. सकाळला चौघी घातल्या, दुपारला चौघी, रात्रीला तिघी. प्रत्येकीला आठवड्याची सुट्टी दिली. नाइटनंतर ऑफ दिला. एकीला बाळंतपणाची रजा दिली आणि तिच्या जागी दुसरी उभी केली. तक्त्यावर गुलाबी, हिरवी, निळी शाई. त्या वेळी प्रत्यक्षात वॉर्डात आम्ही दोघी होतो, त्यातली एक माझ्याऐवजी आली होती आणि दुसरी मी, जी तरीही आले होते, कारण बासुंदी बिघडली होती.

"ताई, कसा झालाय?" तिनं विचारलं.

मी तो तक्ता बराच वेळ न्याहाळला. त्यात बदली ड्यूटी नावालाही नव्हती. कुणी कुणाचं देणं लागत नव्हतं. अशा रुग्णालयात चहा कोण कुणाला पाजणार, हा एक प्रश्नच होता. पण मी म्हटलं, "छान. याचा कुठंतरी प्रयोग व्हायला पाहिजे." तिला त्या असाइनमेंटला उत्तम गुण मिळाले.

ती पास झाली. पेढे वाटले, पहिला माझ्या हातावर ठेवला. मी पेढा खाल्ला आणि वही काढली. तिच्याआधीच्या दोघी, ब्रदर, ती, असा सगळ्यांचा हिशेब मांडला. सिलिंडर वजा केले, अनारसे वजा केले, पोळ्याच्या नाइट वाढीव दरानं धरल्या. बेरीज बघून माझं मलाच हसू आलं. सगळ्यांनी देणं फेडायचं ठरवलं तर माझी आख्खी पोस्ट बेसिक बीएस्सी एकही रजा न घेता निघत होती. प्रात्यक्षिकं, येरवडा, सगळं धरून.

मी तिला सांगितलं तर ती उडालीच. "मग भरा ना ताई फॉर्म! नाइट आम्ही करतो." ब्रदरही म्हणाले, भरा. इन्चार्ज सिस्टर खिडकीकडं बघत म्हणाल्या, "भर गं. माणसं आहेत आता." त्या खिडकीत पहिल्यांदाच मी सोडून सगळे उभे होते. मी माहितीपुस्तिका घरी नेली, चष्मा लावून दोनदा वाचली, नवऱ्याला वाचायला दिली. त्यानं फक्त, 'डबा कोण करणार' एवढंच विचारलं, म्हणजे परवानगीच.

सोमवारी फोटो आणि प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घेऊन गेले. ओव्हर घ्यायला उभी राहिले तर तिघीही हजर. एकीला एमएस्सीची प्रवेश परीक्षा द्यायचीय, दुसरीच्या नणंदेचं लग्न मोठ्या तिथीला निघालंय, आणि तिसरी अजून काही बोलली नव्हती, पण तिघींच्याही हातात चहा होता. आल्याचा. खारीसकट.